लग्नानंतर चेंडू कुठे जातो?

मुलीबरोबर सासरी काय काय पाठवायचं, याच्या याद्या आपल्याकडे घरोघरी होतात. भांडी, साड्या, रुखवत, शिवणाचं मशीनसुद्धा! तिचा खेळ मात्र कुठल्याच यादीत नसतो. आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात आम्ही दहा जणी होतो. लग्नानंतर एकीनेही चेंडूला हात लावला नाही. कुणी ‘खेळू नकोस’ म्हटलं होतं का? छे! माझ्या सासूबाईंनी तर माझे कप कौतुकाने शोकेसमध्ये मांडले. पण पाचला दूधवाला, साडेपाचला चहा, सहाला कुकर, यात मैदानावर जायची वेळ बसेना. तो कप पुसण्याचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते माझ्या भाचीने कॅनडाहून पाठवलेल्या एका पुस्तकाचं. ती राहते त्या एडमंटन शहरात मुलींचा एक बास्केटबॉल संघ होता, ‘एडमंटन ग्रॅड्स’. आज ते शहर मोठं आहे, पण 1921 साली तिथे 60,000 सुद्धा वस्ती नव्हती. तिथल्या मॅक्डूगल कमर्शियल हायस्कूलमध्ये टायपिंग, शॉर्टहँड असं शिक्षण मिळे. पर्सी पेज नावाचे शिक्षक मुलींना बास्केटबॉलही शिकवत. 1915 साली मुली शाळेतून बाहेर पडल्या, पण खेळ सोडवेना. मग त्यांनी माजी विद्यार्थिनींचा क्लब काढला आणि पेजसर त्याचे प्रशिक्षक झाले.

या मुलींना पगार नव्हता. दिवसभर बहुतेक जणी ऑफिसात टाइपरायटर बडवायच्या, कुणी शाळेत शिकवायच्या, आणि संध्याकाळी सराव. तिकीट काढून हजारो लोक त्यांचा सामना बघायला येत. त्या काळी मुलींसाठी वेगळे, सौम्य नियम असत. मैदानाचे भाग पाडायचे आणि आपला भाग सोडून पळायचं नाही! ग्रॅड्स मात्र पुरुषांच्या नियमांनी, अख्ख्या मैदानभर खेळत. नवी खेळाडू तयार करायची पद्धतही पक्की होती. आधी शाळेचा संघ, मग ‘ग्रॅडेट्स’ हा दुसरा संघ, आणि तिथून पुढे ग्रॅड्स.

1923 साली अंडरवुड या टाइपरायटर कंपनीने ठेवलेला करंडक त्यांनी जिंकला, तो 1940 मध्ये संघ बंद होईपर्यंत कुणालाही नेऊ दिला नाही. पंचवीस वर्षांत 502 विजय आणि 20 हार असा त्यांचा हिशेब सांगतात. एकदा तर ओळीने 147 सामने जिंकले! या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांनीही त्यांची तोंड भरून स्तुती केली. ऑलिंपिकच्या निमित्ताने त्या 1924, 1928 आणि 1936 साली युरोपात खेळून जिंकून आल्या, पण पदक नाही. बायकांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यायला 1976 साल उजाडावं लागलं. ते ऑलिंपिक कॅनडातच, माँट्रियलला भरलं होतं!

पुस्तकातल्या एका गोष्टीपाशी मात्र मी थबकले. लग्न झालं की संघ सोडायचा, असा तिथला शिरस्ता होता. पंचवीस वर्षांत मिळून जेमतेम 38 जणी या संघातून खेळल्या आणि लग्नाची पत्रिका छापली की एकेक बाहेर पडली. 1940 साली युद्धामुळे त्यांचं क्रीडागृह हवाई दलाने घेतलं आणि संघही थांबला. आधी राग आला मला त्या शिरस्त्याचा. मग वाटलं, निदान त्यांना कुणीतरी तोंडावर सांगितलं तरी! आपल्याकडे तसा नियमच नाही, मग भांडायचं कुणाशी? दूधवाल्याशी?

माझी धाकटी पुतणी जिल्ह्याच्या संघात खेळते. दिवाळीनंतर तिला बघायला मंडळी आली. मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, “खेळायला आमची काही हरकत नाही हं.” जाऊबाई खूश झाल्या. मी म्हटलं, “वहिनी, हरकत नाही हे छानच. पण संध्याकाळी पाच ते सात ही घरी नसेल. तेव्हा चहा कोण करील, एवढं आजच ठरवू या का?” जाऊबाईंनी मला चिमटा काढला. बैठकीत कुणी बोलेना. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “चहा मला येतो. कुकर शिकून घेईन.” त्याच्या आईचा चेहरा जरा उतरला, पण लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त आहे.

तेव्हा बायांनो, घरात मुलगी खेळत असेल, गात असेल, पोहत असेल, तर ‘परवानगी आहे ना’ एवढंच विचारून थांबू नका. किती वाजता, आठवड्यातून किती दिवस आणि त्या वेळी घरचं कोण बघणार, हे तिघांसमक्ष विचारून घ्या. पुतणीच्या रुखवतात मी चकल्यांच्या शेजारी नवा चेंडू ठेवणार आहे, हवा भरलेला.