भरतपूरहून बाबांना

भरतपूर, डिसेंबर

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

आग्रा पुढे ढकललं. आई रागावेल, पण तिला सांगा, ताजमहाल कुठे पळत नाही. इथली पाखरं मात्र उन्हाळ्याच्या तोंडाला पांगतात.

केवलादेव घना म्हणजे जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं रान. मोटारी बाहेर, आत पायी, सायकलने नाहीतर सायकलरिक्षाने. रस्ता सपाट, चढ नावालाही नाही. आधी बाभळी आणि कळंब, मग बांध लागतो आणि दोन्ही हातांना तळी. बाभळींवर चित्रबलाकांची घरट्याला घरटं लागून वस्ती, पिल्लांचा कलकलाट, आणि वास थेट ससून डॉकचा!

सर्पपक्षी मी तासभर पाहिला असेल. पोहताना नुसती मान वर, सापच वाटतो. आमच्यासमोर त्याने चोचीत आरपार खुपसलेला मासा वर आणला, हवेत उडवला आणि डोक्याकडून गिळला. त्या बारीक मानेतून मासा खाली सरकताना दिसतो. मग बुंध्यावर पंख पसरून वाळवत बसला. याची पिसं पाणी धरतात, म्हणून बुडी चांगली जमते, पण पुढे हा उद्योग करावा लागतो.

पुढे वाटेपासून जरा आत एक अजगर बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडला होता. बीळ साळिंदराचं, दोघं एकाच बिळात नांदतात म्हणे. रिक्षावाल्याने हे इतक्या सहज सांगितलं की मीही मान डोलावली.

तुमची,
नंदा

भरतपूर, दुसऱ्या दिवशी

ती. बाबा,

केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारीचा हिशेब कोरलेली दगडी पाटी आहे. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो आले, त्या एका दिवसात 4,273 पाखरं. अभिमानाने कोरलंय. आणि बदकांची शिकार साधावी म्हणूनच राजांनी खोलगट जमिनीत बांध घालून, अजान बंधाऱ्याचं पाणी आणून ही तळी वाढवली. आजही पाणी सोडलं तर तळी, नाही सोडलं तर कोरडं गवत. सायबेरियन क्रौंच तर 2002 पासून फिरकलेलेच नाहीत.

तो बंधारा सूरजमल जाटाच्या काळातला. पानिपताहून उपाशी, उघड्या अंगाने परतणाऱ्या आपल्या लोकांना अन्नवस्त्र दिलं, तोच हा सूरजमल. तुम्हाला पाणपक्ष्यांपेक्षा यातच जास्त रस असणार, ठाऊक आहे.

गुडघ्यांची सबब इथे चालणार नाही. दमलात तर रिक्षा आहे. दुर्बीण, कानटोपी आणि जाड स्वेटर आणा, सकाळी धुकं फार असतं. जानेवारीची तिकिटं काढा. भरतपूर मुंबई-दिल्ली मार्गावरच आहे, गाडी बदलावी लागत नाही.

तुमची,
नंदा