चायनीज, पण कुठलं?

मुलगा पाचाचा होणार होता आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांचे अर्ज सुरू झाले होते. नवऱ्याने ऑफिसातून बातमी आणली, की इथल्या काही सरकारी शाळांत बालवर्गापासूनच चिनी भाषेतून शिकवतात आणि फी शून्य. मला त्यातलं फक्त ‘फी शून्य’ नीट कळलं. तेवढ्या भांडवलावर मी अर्ज उघडला. कोणत्या शाळेत कोणती भाषा, ती यादी बघायला लागले. स्पॅनिश दिसलं, कोरियन दिसलं, कँटोनीज दिसलं, मँडरिन दिसलं. चायनीज कुठेच सापडेना. मला वाटलं, जागा भरल्या असतील.

शेजारी एक चिनी कुटुंब राहतं. त्यांच्या नातीला गाठून विचारलं. तिने मला बसवून शिकवणीच घेतली. मँडरिन ही चीन आणि तैवान दोन्हीकडची राजभाषा. कँटोनीज हाँगकाँगची आणि दक्षिणेकडच्या ग्वांगडाँग भागातली. नुसतं एकच येणाऱ्याला दुसरं ऐकून समजत नाही. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात या शहरात जे चिनी आले, ते बहुतेक त्याच दक्षिण भागातले. म्हणून इथल्या जुन्या चायनाटाऊनमध्ये कँटोनीज आणि तिच्या जवळच्या बोली रुजल्या. मँडरिन बोलणारे मोठ्या संख्येने आले ते बरंच नंतर. मी म्हटलं, “अगं, मी तुझ्या आजीला रोज सकाळी ‘नी हाओ’ म्हणते की!” ती म्हणाली, “हो, ते मँडरिन झालं. आजी मला विचारत असते, ही बाई रोज काय म्हणते?”

मग शाळा बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. इथे आईबापांना वर्ग हिंडवून दाखवतात. पहिल्याच शाळेत ‘इमर्शन’ हा शब्द इतक्या वेळा कानावर आला, की मी वहीत लिहून घेतलं: ‘बुडवणे’. नवरा म्हणाला, “म्हणजे पैसे न घेता बुडवतात.” पद्धत साधारण अशी, की भाषा हा वेगळा विषय नसतो. बालवर्गात दिवसाचा ऐंशी टक्के वेळ सगळंच चिनी भाषेतून: गणित, गोष्ट, रांग लावणं, पाणी मागणं. वर जाताना इंग्रजीचा वाटा वाढतो आणि पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हे ऐकून घाबरल्या. मी मात्र एकदम निवांत झाले. हे तर आमचं सेमी-इंग्लिश! नाशिकला आठवीत आम्हाला गणित-विज्ञान असंच अचानक इंग्रजीतून सुरू झालं होतं आणि आम्ही काही मेलो नाही. सेमी-इंग्लिश म्हणजे काय ते मी त्या बाईंना उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग तुम्हाला गणित चांगलं येतं?” मी विषय बदलला.

वर्गात गणितच चाललं होतं. पोरं मोठमोठ्याने आकडे म्हणत होती आणि बरोबरची एक आई मला कुजबुजत अर्थ सांगत होती. अकराला ‘दहा-एक’, बाराला ‘दहा-दोन’, बावन्नला ‘पाच-दहा-दोन’. मँडरिन असो की कँटोनीज, रचना हीच. मला बालभारतीचं २०१९चं दुसरीचं गणिताचं पुस्तक आठवलं. त्यात बावन्नला ‘पन्नास दोन’ असंही वाचायचं म्हटल्यावर केवढा गहजब झाला होता! आमच्या सासूबाई तर फोनवर तावातावाने बोलत होत्या, की आता फडणवीसांना ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का. विनोद तेव्हा घरोघर चालला होता, मीही हसले होते. इथे माझ्यासमोर सहा वर्षांची मुलं दहाचे गठ्ठे तोंडानेच पाडत होती आणि मला अजून एकोणसाठ म्हटलं की पन्नासमधलं का साठमधलं, हे बघायला क्षणभर थांबावं लागतं.

लिपीचा घोळ मला शेवटपर्यंत नीट पचला नाही. चीनने १९५६ मध्ये अक्षरं सोपी करायचा आराखडा आणला आणि कितीतरी अक्षरांच्या रेघा कमी केल्या. तैवान आणि हाँगकाँगने जुनी, भरगच्च अक्षरं तशीच ठेवली. आम्ही पाहिलेल्या शाळांत मँडरिनच्या वर्गात सोपी अक्षरं होती, कँटोनीजच्या वर्गात जुनी. शिवाय कँटोनीज बोलणारी मुलं पुस्तकात जे वाचतात, ती प्रमाण लेखी चिनी मँडरिनच्या वळणाची असते; उच्चार फक्त कँटोनीज करायचे. मी हात वर करून विचारलं, “म्हणजे मूल बोलणार एक आणि लिहिणार दुसरंच?” सगळी खोली माझ्याकडे वळली. शिक्षिका म्हणाल्या, “हो.” एवढंच.

मला खरी धास्ती गृहपाठाची होती. अमेरिकन सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा अंदाज असा, की इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हिंदीला साधारण ११०० तास लागतात आणि मँडरिनला किंवा कँटोनीजला २२००. एवढे तास मी कुठून आणणार? एका शाळेत विचारलं, “आम्ही घरी मदत कशी करायची?” उत्तर मिळालं, “करू नका. तुम्ही घरी तुमच्या भाषेत भरपूर वाचून दाखवा, गप्पा मारा. ती भाषा पक्की असली की बाकीचं आम्ही बघू.” सासूबाई कधीपासून विचारत होत्या, “आणि मराठीचं काय?” त्यांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मी तेच म्हणत होते. माझं ऐकायला चिनी मास्तरीण लागली तुला.”

पण इंग्रजी कच्चं राहिलं तर? याचं उत्तर शोधताना माझा प्रवेशाच्या लॉटरीवरचा रागही थोडा निवला. या शाळांत जागा कमी आणि मागणी जास्त, म्हणून चिठ्ठ्या काढाव्यात तसा संगणक नंबर लावतो. मला ते जुगारासारखं वाटायचं. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या सरकारी शाळांतही अशीच लॉटरी होती. रँड या संस्थेच्या संशोधकांनी नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. हौशी आईबाप दोन्हीकडे सारखेच, फरक फक्त नशिबाचा. आठवीपर्यंत नंबर लागलेली मुलं इंग्रजी वाचनात सुमारे नऊ महिने पुढे होती आणि गणितात मागे पडलेली नव्हती. आमची चिठ्ठी निघाली नाही, तर आपण तुलनेच्या कुठल्या गटात मोडू, हेही मला तेव्हाच कळलं.

जुनं काही वाचत बसले, त्यात हाती लागलं ते मात्र मला आधी ठाऊक असायला हवं होतं, एवढी वर्षं या शहरात राहून. १८८४ मध्ये इथल्याच एका सरकारी शाळेने मेमी टेप नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला ती चिनी म्हणून प्रवेश नाकारला. आईबाप कोर्टात गेले आणि १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. तर शाळा मंडळाने चिनी मुलांसाठी घाईघाईने वेगळी शाळा काढली! पुढे लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला याच शहरातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नव्हे, असा १९७४ मध्ये निकाल लागला. आणि १९८४ मध्ये इथल्या वेस्ट पोर्टल शाळेत कँटोनीज इमर्शन सुरू झालं. आज या वर्गांत काही जागा घरून चिनी बोलत येणाऱ्या मुलांसाठी असतात. ती मुलं बाकीच्यांकडून इंग्रजी उचलतात आणि बाकीची त्यांच्याकडून चिनी. मी आपली ‘मोठेपणी नोकरीला बरं’ एवढाच हिशेब घेऊन फिरत होते. माझ्या मुलाने तिथे कुणाला काही द्यायचंही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी दोन पक्ष पडले. नवरा मँडरिनचा: कोट्यवधी माणसं, व्यापार, भविष्य. मी कँटोनीजची. पाच वर्षांच्या पोराला व्यापार करायचा नसतो, समोरच्या माणसाशी बोलायचं असतं. आणि आमच्या समोरचं माणूस शेजारच्या आजी. अर्व्हिंग स्ट्रीटवरचे भाजीवालेही कँटोनीजच बोलतात. नवरा म्हणाला, “म्हणजे कोथिंबीर स्वस्त मिळावी म्हणून?” मी म्हटलं, “तेही आहेच.” अर्ज मी भरत होते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर कँटोनीज गेलं.

नंबर लागला. प्रवेशाच्या कागदांत ‘मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं’ असा प्रश्न होता. मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली, की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. झालं, चिनी शिकायला घातलेल्या माझ्या मुलाला आधी इंग्रजीच्या परीक्षेला बसावं लागलं.

शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मी त्याच्या बाईंना फाटकाशी गाठलं. मुलांसमोर त्या इंग्रजी बोलतच नाहीत, नाहीतर मुलं लबाडी करून इंग्रजीवर येतात. मी इंग्रजीतून विचारत राहिले: डबा खातो का, बोलतो का, रडतो का. त्या हसऱ्या चेहऱ्याने कँटोनीजमध्ये काहीतरी सांगत राहिल्या, हाताने जमिनीकडे दाखवत राहिल्या. मी मुलाला म्हटलं, “काय म्हणतात रे तुझ्याबद्दल?”

“माझ्याबद्दल नाही,” तो म्हणाला. “आईबाबांनी पिवळ्या रेघेच्या मागे उभं राहायचं.”