ओक ट्री रोडवरची दुपार

शनिवार. बाहेर बर्फ. न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवर आज बुफे जेवलो. गरम पाण्यावर झाकून ठेवलेली भजी वाफेनं मऊ पडतात, म्हणून ती मी घेतच नाही. काळ्या उडदाची डाळ मात्र जितकी रेंगाळते तितकी मुरत जाते. दोनदा घेतली. काय चव होती!

ताट भरताना हात आपोआप वळला: लिंबू, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. आई असंच वाढायची.

शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला म्हणाल्या, "अजून थोडा भात घे रे." मराठीत! मी वळून पाहिलं. त्या हसल्या. मग उठून मीही थोडा भात घेतला.