पाहुण्यांचे बिल

गेल्या वर्षी आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडला गेलो, ते सहा महिन्यांच्या व्हिसावर. लेक तेथील सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. आपल्या वसईतून अशा कितीतरी मुली परदेशी गेल्या आहेत आणि आईबाप त्यांच्याकडे जाऊन येत असतात. म्हणूनच हा अनुभव लिहावासा वाटला.

तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री आमच्यापैकी एकाच्या छातीत कळ आली. (कोणाच्या ते सांगत नाही, छापून आलेले त्या व्यक्तीस रुचणार नाही.) रुग्णवाहिका आली, आपत्कालीन विभागात तपासण्या झाल्या, कोणी पै मागितली नाही. आम्ही भारावून गेलो. पहाटे डॉक्टर म्हणाले, दाखल करून घ्यावे लागेल. खाट एका दारातून दुसऱ्या दारात गेली. सकाळी एक बाई कागद घेऊन तिच्यापाशी आल्या. अत्यंत मृदू स्वरात त्यांनी विचारले, "आपण या देशात कायम राहता का?"

त्या दोन दारांमधील अंतर किती मोठे आहे, हे आम्हांस मागाहून उमगले. आपत्कालीन विभागातील उपचार सर्वांना मोफत. मात्र रुग्ण म्हणून दाखल होताच परक्या पाहुण्याचे बिल सुरू होते. क्षय, एचआयव्ही अशा संसर्गांवरील उपचारांना पैसे पडत नाहीत, कारण ते रोग रहिवासी आणि पाहुणा असा भेद करीत नाहीत. तातडीचा उपचार पैशांसाठी अडवून धरीत नाहीत, बिल मागून येते. तातडी नसेल, तर 2017 च्या ऑक्टोबरपासून पैसे आधी भरावे लागतात. आणि आमच्यासारख्यांना आकारणी होते ती मूळ दराच्या दीडपट.

ही सेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली, तेव्हा पाहुण्यांनाही ती मोफत होती. परक्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने 1949 साली कायद्याने मिळवला, पण प्रत्यक्ष नियम आले 1982 मध्ये. सेवेचे जनक अनायरिन बेव्हन यांनी 1952 च्या आपल्या पुस्तकात या वसुलीला विरोध केला होता. पाहुणा ओळखायचा, तर प्रत्येकालाच ओळखीचा पुरावा बाळगावा लागेल, असा त्यांचा मुद्दा. पुढे तसेच घडले. कॅरिबियन बेटांतून कोवळ्या वयात आलेल्या आणि चार दशके तेथेच राहिलेल्या एका गृहस्थांना कागद दाखवता आले नाहीत, म्हणून कर्करोगाच्या उपचारासाठी 54 हजार पौंड मागण्यात आले. 2018 साली त्यावरून मोठा गदारोळ झाला. बिलाच्या धास्तीने गर्भवती स्त्रिया तपासणीस जाण्याचे टाळतात, हेही तेथील संस्थांनी नोंदवले आहे. प्रसूतीसाठी कोणालाही परत पाठवायचे नाही असा नियम आहे. पण बिल चुकत नाही.

आमची तक्रार पैसे मागितले याची नाही. तो दवाखाना तेथील लोकांच्या करांतून चालतो. आम्ही तेथे कर भरलेला नाही. लेक मात्र भरते. तिने रात्रपाळ्या करून इतरांच्या आईबापांची शुश्रूषा करावी आणि तिचे आईबाप परके ठरावेत, हे तिच्या मनाला फार लागले. ती बिलावर चकार शब्द बोलली नाही, एवढ्यावरूनच आम्ही ते ओळखले.

त्या खाटेवर आम्हांस आपल्याकडील सरकारी दवाखान्याची रांग आठवत होती. "बाहेरच्यांनी गर्दी केली" असे त्या रांगेत आम्हीही अनेकदा पुटपुटलो आहोत. त्या बाहेरच्यांपैकी कोणी मागे वळून पाहिले होते का, हे आठवण्याचा खूप प्रयत्न केला.

प्रवासाचा विमा होता. परंतु रक्तदाबाची जुनी गोळी आम्ही अर्जात लिहिली नव्हती, त्यामुळे कंपनीने हात वर केले. चूक आमचीच. जाणाऱ्यांनी निदान एवढे करावे: प्रत्येक गोळी लिहावी, हप्ता वाढला तरी. पाचशे पौंडांहून अधिक बाकी दोन महिने थकली, तर रुग्णालय ती व्हिसा देणाऱ्या खात्यास कळवू शकते आणि पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. जावयांनी हप्ते बांधून घेतले. शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला.

लेकीला दिवस गेले आहेत. आम्ही पुन्हा अर्ज भरायला बसलो आहोत. त्यात पूर्वी तेथे उपचार घेतले होते का, असा प्रश्न आहे. तेथे 'होय' लिहिले आणि सगळ्या पावत्या तारखेवार लावून टाचणी मारली.