असरचा उजेड

माझ्या भाचीचं पहिलं स्थळ मोडलं ते माझ्यामुळे. घरात कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण मला ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी बायोडाटासाठी तिचा फोटो मी काढला होता. मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. नोकरी सांभाळून कॅमेऱ्याचा नाद लागलेला माणूस. भर दुपारी गच्चीवर उभं करून फोटो काढला. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली आणि कपाळ तेवढं चकाकलेलं. वेळ मी चुकवली होती. पण कॉम्प्युटरवर बसल्यावर तो दोष मी तिच्या रंगावर ढकलला. आपा शेजारी बसून म्हणाली, "थोडं उजळ कर." मी केलं. मग अजून थोडं केलं. सावळी पोर पार गोरी झाली.

पाहुणे आले. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या फुफीनं एकदा हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. चहा पिऊन सगळे उठले. नंतर फोन आला नाही.

तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती उठून आत जायची. गेल्या डिसेंबरात तिचा निकाह ठरला. मुलानं प्रत्यक्ष पाहूनच पसंत केलं होतं. हॉलमधले फोटो काढायला माणूस ठरला होता. नवरीचे एकटीचे, बाहेरचे फोटो मात्र आपानं माझ्यावर सोपवले. भाची एवढंच म्हणाली, "मामू, इस बार मेरेकू मेरे जैसाच रखो."

मग मी पहिल्यांदा या विषयावर नीट वाचलं. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकचा एक नमुना फोटो वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यातली बाई गोरी. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या चेहऱ्यांचा विचार पुष्कळ उशिरा झाला. आजच्या कॅमेऱ्याचा मीटरही तसा भोळाच. चौकटीत जे दिसेल ते सरासरी करड्या छटेवर आणू पाहतो. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की सगळा फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. आपण म्हणतो, पोरगी फोटोत काळी येते. खरं तर भिंत नडलेली असते.

आपाचा आग्रह होता हॉलच्या पांढऱ्या कमानीखाली फोटो काढायचा. मी आदल्या दिवशी मिरजेला तो हॉल बघायला गेलो. मागच्या बाजूला काळ्या दगडाचं जुनं गोदाम होतं आणि त्याच्या पलीकडे उसाचा फड. जागा ठरली. राहिली वेळ.

निकाह जोहरनंतर होता, रुखसत मगरिबनंतर. मधे असर. घड्याळं नव्हती तेव्हा नमाजाच्या वेळा सावलीवर ठरत. भर दुपारची मूळ सावली वजा करून काठीची सावली काठीच्या दुप्पट झाली की हनफी पद्धतीत असरची वेळ लागते. शाफई पद्धतीत, म्हणजे कोकणातल्या आपल्या लोकांकडे, एकपट झाली की. हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण फोटोशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. सावली लांब म्हणजे सूर्य खाली. सूर्य खाली म्हणजे उजेड डोक्यावर न आदळता बाजूनं येतो, डोळ्यांपर्यंत पोचतो. डिसेंबरात आमच्याकडे असर साडेचारच्या सुमारास लागते आणि सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दीड तास माझा होता.

नमाज उरकून मी तिला गोदामाच्या सावलीत आणलं. तिथंच कडुनिंब होता, पण झाडाखाली उभं केलं नाही. पानांतून उन्हाचे कवडसे तोंडावर ठिपके पाडतात आणि हिरवी झाक गालावर चढते. सावली जिथं संपते त्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं केलं. भिंत तिच्या मागे आठ-दहा फूट राहिली, म्हणजे दगडाचा पोत मऊ होतो आणि नवरी सुटी दिसते. मीटर फक्त गालावर धरला. ८५ मिलिमीटरची लेन्स लावून चार पावलं मागे सरलो. मोबाइल तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं ते याचसाठी: कॅमेरा फार जवळ असतो.

आता उभं कसं राहायचं? अम्मी लांबून ओरडत होती, "नवरीनं मान खाली घालायची असते." पोरगी आधीच खांदे उचलून, मुठी आवळून उभी. सरळ समोर तोंड करून उभं राहिलं की ओळखपत्रासारखं दिसतं, म्हणून अंग थोडं तिरकं करायला सांगितलं. वजन मागच्या पायावर. हनुवटी किंचित पुढे. हातांना काम दिलं: दुपट्ट्याचा काठ सावर, म्हणजे मेंदीही दिसेल. सगळं केलं, तरी डोळे जमिनीवरच.

मग मी थांबलो. एक फोटो काढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं. बोटानं मोठं करून स्वतःचा गाल पाहिला. सावळा, तकतकीत, दुपट्ट्याच्या जरीशेजारी उठून दिसणारा.

"ये तो मैच हूं," ती म्हणाली.

कॅमेरा परत देताना तिचे खांदे खाली आले होते. पुढचे फोटो सोपे गेले. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिला बाहेर आणलं, सूर्य उसाच्या फडावर तिच्या खांद्यामागे घेतला आणि भाच्याला समोर पांढरी चादर ताणून धरायला लावली. चादरीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर आला आणि दुपट्ट्याची कड सोन्यासारखी पेटली. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मी कॅमेरा बंद केला.

आठवड्यानं आपा कॉम्प्युटरशेजारी येऊन बसली. फोटो पाहिले, खूश झाली, आणि सवयीनं म्हणाली, "थोडं उजळ कर ना." मी माउसवरचा हात काढून घेतला. "आपा, उजेड तेव्हाच देऊन झालाय," म्हटलं. ती काही बोलली नाही, पण तोच फोटो मोठा करून आणायला सांगितला.

तुमच्या घरात लग्न असेल तर एवढंच करा. फोटोग्राफरला पॅकेज विचारण्याआधी नवरीला कुठल्या वेळी, कुठल्या उजेडात उभी करणार ते विचारा. आणि पहिला फोटो निघाला की तो आधी तिलाच दाखवा.