पुढल्या हंगामाच्या गोष्टी

ज्या गोष्टीपासून दमडीची प्राप्ति नाहीं, जिचा निकाल मोठ्या वर्तमानपत्रांत बहुधा छापूनही येत नाहीं, आणि जींत भाग घेणाऱ्या मुलांशीं आपलें कसलेंही नातेंगोतें नाहीं, तिच्यावर माणसानें किती जीव टाकावा याला कांहीं सुमार असतो काय? आमच्याकडे क्रिकेटच्या नादानें कचेऱ्या ओस पडतात हें मी जन्मभर पाहत आलों. पण तें वेड समजण्यासारखें आहे. तेथें देशाची अब्रू पणाला लागलेली असते, निदान तसें आपण मानतों. ज्या वेडाविषयीं मी आज लिहीत आहें तें याहून निराळें, आणि माझ्या मतें अधिक निर्मळ आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत माझा मुक्काम अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम भागांत, मुलीच्या घरीं होता. चाळीस वर्षें शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला त्या मुलखांतील हिंवाळा म्हणजे सक्तीची विश्रांतिच. डिसेंबरांत दुपारीं साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. बाहेर बर्फ, मुलगी आणि जांवई कामावर, आणि घरांत मी एकटा. शेजारच्या एका वृद्ध दांपत्याला माझी दया आली म्हणा, किंवा त्यांना नवा श्रोता हवा होता म्हणा, त्यांनीं मला बास्केटबॉलची दीक्षा दिली.

हें दांपत्य मोठें मौजेचें. यजमान विल्यम्स कॉलेजचे पदवीधर, आणि बाई अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या. अ‍ॅम्हर्स्टनें १९७५ सालीं स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला, त्यानंतरच्या पहिल्या तुकड्यांपैकीं एकींत त्या होत्या. या दोन कॉलेजांची भाऊबंदकी आपल्याकडील कोणत्याही वाड्यांत शोभावी अशी आहे. विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे १८२१ सालीं कांहीं विद्यार्थी बरोबर घेऊन निघाले, आणि नव्यानें निघालेल्या अ‍ॅम्हर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. जातांना त्यांनीं ग्रंथालयांतील पुस्तकेंही लांबविलीं अशी विल्यम्सच्या मंडळींत दंतकथा आहे. तिला पुरावा नाहीं. पण पुराव्यावांचून भाऊबंदकीचें कधीं अडलें आहे? पुढें १८५९ सालीं पिट्सफील्ड येथें या दोहोंत बेसबॉलचा सामना झाला, अमेरिकेंतील दोन कॉलेजांमधला तो पहिलाच. अ‍ॅम्हर्स्टनें तो ७३-३२ असा जिंकला. जेवतांना मीठ मागावें तितक्या सहज बाई हा आंकडा काढीत, आणि यजमान शांतपणें म्हणत, "त्या वेळचे नियम निराळे होते."

दोघांच्या बोलण्यांत 'नेस्कॅक' हा शब्द इतक्या वेळां येई कीं, तें कोणा नातलगाचें नांव असावें असें मला प्रथम वाटलें. न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स या लांबलचक नांवाचें तें लघुरूप. १९७१ सालीं स्थापन झालेल्या या मंडळांत आज पांच संस्थानांतील अकरा कॉलेजें आहेत. विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट व टफ्ट्स हीं मॅसॅच्युसेट्सचीं. ट्रिनिटी, वेस्लियन आणि कनेक्टिकट हीं त्याच्या दक्षिणेकडील कनेक्टिकटचीं. बोडन, बेट्स व कोल्बी हीं दूर उत्तरेला मेनमध्यें. मिडलबरी व्हरमाँटांत आणि हॅमिल्टन न्यू यॉर्कांत. खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ति येथें कोणालाही मिळत नाहीं. राष्ट्रीय स्पर्धांस संघ पाठविण्याची मोकळीकसुद्धां १९९३ नंतरची. त्यापूर्वीं मुलांचा अभ्यास बुडेल ही धास्ती अध्यक्षमंडळींना फार होती. हंगामांत प्रत्येक संघ बाकीच्या दहांशीं एकेकदां खेळतो, बहुधा शुक्रवारीं रात्रीं एकाशीं आणि शनिवारीं दुपारीं दुसऱ्याशीं. मेनमधील मुलें बर्फांतून तास न् तास बसनें येतात आणि वाटेंत पुस्तकें उघडून बसतात, असें बाईंनीं मला सांगितलें. शिक्षकाच्या कानाला ही गोष्ट गोड लागली, म्हणून मीं तिची फार चौकशी केली नाहीं.

प्रत्येक कॉलेजाचें एक मानचिन्ह असतें, आणि तीं ऐकून मला आपल्या पंचतंत्राची आठवण झाली. बोडनचें पांढरें अस्वल, कोल्बीचें खेंचर, कनेक्टिकटचा उंट, ट्रिनिटीचा कोंबडा, विल्यम्सची तर चक्क जांभळी गाय! टफ्ट्सचा हत्ती जंबो हा बार्नमच्या सर्कशींतला खराखुरा हत्ती. त्याचें पेंढा भरलेलें धूड त्या कॉलेजांत होतें. १९७५ च्या आगींत तें जळालें, तेव्हां त्याची मूठभर राख भुईमुगाच्या लोण्याच्या बरणींत जपून ठेवण्यांत आली. अ‍ॅम्हर्स्टनें मात्र आपलें जुनें चिन्ह, लॉर्ड जेफ्री अ‍ॅम्हर्स्ट, २०१६ सालीं सोडून दिलें. तद्देशीय रहिवाश्यांत देवीच्या सांथीचीं कांबळीं वांटण्याच्या कल्पनेस या सेनापतीनें पत्रांतून मान्यता दिली होती. आतां तेथें लोकरी हत्ती, म्हणजे मॅमथ, आला आहे. असो.

एका शनिवारीं अ‍ॅम्हर्स्टच्या लेफ्रॅक व्यायामशाळेंत मला नेण्यांत आलें. मोठ्या क्रीडागाराची कल्पना मनांत धरून गेलेला मी थक्कच झालों. लांकडी जमीन, दोन्ही बाजूंस पायऱ्यापायऱ्यांचीं बांकें, आणि खेळाडू इतके जवळ कीं, बुटांचा करकर आवाज आणि कोचचें पुटपुटणें दोन्ही स्पष्ट ऐकूं यावें. प्रेक्षकांत खेळाडूंचे आईबाप, कांहीं प्राध्यापक, गांवांतील पोरेंटोरें आणि आमच्यासारखीं पिकलीं पानें. हा खेळ तेथून मोटारीनें अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवरील स्प्रिंगफील्ड गांवीं, १८९१ च्या डिसेंबरांत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें निर्माण केला. थंडींत आंत कोंडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांना गुंतविण्यासाठीं त्यानें सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. त्याच संस्थेंत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासला वाय. एम्‌. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, आणि तेथून तयार झालेल्या शिक्षकांच्या हातून हे खेळ आपल्या शाळा-कॉलेजांत रुजले. दंगेखोर वर्गाला आवरण्याच्या अडचणींतून निघालेला खेळ म्हणून मला त्याविषयीं एकदम आपुलकी वाटूं लागली!

पण सामना हें निमित्त. खरी मौज त्यानंतर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत. बाईंपाशीं एक जाड वही आहे. तींत अकराही संघांतील मुलांचीं नांवें, प्रत्येकाचें गांव, उंची, अभ्यासाचा विषय आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे कॉलेजांतील वर्ष: पहिलें, दुसरें, तिसरें कीं चौथें. येथील सारें भविष्य या एका रकान्यावर चालतें. "मिडलबरीचे दोघे उंच मुलगे यंदा जाणार." "बेट्सचा तो चेंडू खेळविणारा पोरगा अजून दुसऱ्या वर्षालाच आहे, दोन वर्षांनीं पाहा!" अशी चर्चा रात्रीं दहापर्यंत चाले, आणि तींत चालू हंगामापेक्षां पुढल्या हंगामाचीच गोष्ट अधिक. मला गणिताचा माणूस म्हणून एक काम मिळालें. राष्ट्रीय स्पर्धेंत चौसष्ट संघ घेतात. प्रत्येक मंडळाच्या विजेत्याला जागा आपोआप मिळते, आणि उरलेल्या जागा त्याच हंगामापासून एका नव्या गुणांकावरून ठरूं लागल्या होत्या. जिंकण्या-हरण्याचें प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्यांचें बळ यांची त्यांत सरमिसळ असते. कोणाचें गुणोत्तर किती घसरलें तें मीं मांडून दाखविलें कीं यजमान म्हणत, "प्रोफेसर, तुमचें गणित बरोबर आहे, पण तुम्हीं तो मुलगा खेळतांना पाहिला नाहीं." या युक्तिवादाला कोणत्याही प्रमेयांत उत्तर नाहीं.

वहींतील एक पान कोरें आहे. १२ मार्च २०२० रोजीं महामारीमुळें राष्ट्रीय स्पर्धा मध्येंच बंद पडली, आणि २०२०-२१ चा हिंवाळी हंगाम या मंडळानें रद्द केला. वर्षें मात्र थांबत नाहींत. जीं मुलें त्या वर्षीं चौथ्या वर्गांत होतीं त्यांना खेळण्याची एका हंगामाची सवलत राष्ट्रीय मंडळानें दिली. पण या कॉलेजांतून पदवीनंतरचें शिक्षण बहुधा नाहींच, तेव्हां सवलत वापरायची तर दुसऱ्या विश्वविद्यालयाचा सदरा अंगावर चढवून. बाईंनीं त्या पानावर तारीख तेवढी घातली आहे. तें पान उलटतांना त्या कधीं बोलत नसत, आणि एरवीं प्रत्येक पानावर कोटी करणारे यजमानही चहाच्या भांड्याकडे वळत.

यजमानांचें दुःख निराळें, आणि त्याला नांव आहे: डंकन रॉबिन्सन. हा उंच, चेंडू लांबून अचूक टाकणारा मुलगा २०१३-१४ सालीं विल्यम्समध्यें पहिल्या वर्षाला होता. त्या हंगामांत विल्यम्सनें थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, आणि व्हर्जिनियांतील सेलम येथें व्हाइटवॉटरशीं ७५-७३ असा तो सामना अगदीं शेवटच्या क्षणीं गमावला. त्याच उन्हाळ्यांत कोच माइक मेकर दुसरीकडे गेले आणि रॉबिन्सन मिशिगनच्या प्रचंड विश्वविद्यालयांत. २०१८ सालीं तेथूनही तो राष्ट्रीय अंतिम सामना खेळला; पुढें मायामीच्या धंदेवाईक संघांत शिरून २०२० च्या अजिंक्यपदाच्या लढतींत उतरला, आणि २०२१ सालीं पांच वर्षांसाठीं नऊ कोटी डॉलरांचा करार त्यानें केला. "आमच्याकडे राहिला असता तर आणखी तीन वर्षें होतीं त्याचीं," यजमान म्हणाले. यावर बाई हंसल्या. "एकच हिंवाळा तुमच्याकडे होता तो, आणि अजून तुम्ही त्याला 'आमचा' म्हणतां!"

मला यांत हंसण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं. आपल्याकडे लेक सासरीं गेली म्हणजे तिचें नांव बदलतें, गोत्र बदलतें. म्हणून माहेरचीं माणसें तिला आपली म्हणायचें सोडतात काय? उलट तिच्या सासरच्या वैभवाच्या गोष्टी माहेरींच अधिक रंगतात. हें मीं त्यांना जमेल तसें समजावून दिलें, तेव्हां यजमान बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तुमची मुलगी किती वर्षांपूर्वीं येथें आली?" मीं सांगितलें, चौदा. त्यांनीं मान हालविली, आणि माझ्या कपांत आणखी चहा ओतला.

आजकाल मोठ्या विश्वविद्यालयांतील खेळाची तऱ्हा पाहिली म्हणजे या चर्चेचें मोल अधिक वाटतें. २०२१ पासून तेथील खेळाडूंना आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मुभा झाली, आणि संघ बदलणेंही फार सुलभ झालें. २०२५ च्या जुलैपासून तर एकेका विश्वविद्यालयानें आपल्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारें दोन कोटी डॉलर देण्याची सोय झाली आहे. मुलांच्या कष्टांचें मोल त्यांना मिळावें यांत गैर कांहीं नाहीं. इतकीं वर्षें तें दुसऱ्यांच्याच खिशांत जात होतें. पण तेथें आतां 'कितव्या वर्षाला आहे' हा रकाना निरर्थक होत चालला आहे. आज येथें, उद्यां तेथें. लहान कॉलेजांतील एखादा गुणी मुलगा चमकला कीं मोठ्यांची नजर त्याच्यावर जाणार, ही धास्ती आमच्या शेजाऱ्यांना सतत असे. याच्या उलट उदाहरण बाईंच्या हातीं होतें. डेव्हिड हिक्सन अ‍ॅम्हर्स्टमध्यें शिकले, १९७७ सालीं तेथेंच कोच झाले आणि बेचाळीस हंगाम तेथेंच राहिले. ८२६ विजय आणि २००७ व २०१३ अशीं दोन राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळवून २०२० सालीं ते निवृत्त झाले. २०२३ सालीं स्प्रिंगफील्डच्या कीर्तिमंदिरांत धंदेवाईक खेळांतील नामांकितांच्या बरोबरीनें त्यांची स्थापना झाली. बाई हें सांगूं लागल्या म्हणजे यजमान मुकाट्यानें २००३ हा आंकडा बोटांनीं टेबलावर काढीत; त्या सालचें अजिंक्यपद विल्यम्सचें.

२०२५ च्या मार्चांत या मंडळाचा एक संघ पुन्हां राष्ट्रीय अंतिम सामन्यांत पोंचला. तो ना यांचा, ना त्यांचा. हार्टफर्डच्या ट्रिनिटीचा, कोंबड्याच्या निशाणाचा. आदल्याच वर्षीं हा संघ उपांत्य फेरींतून परत फिरला होता. इंडियानांतील फोर्ट वेन येथें न्यू यॉर्क विश्वविद्यालयाशीं त्यांची गांठ होती. हंगामभर ज्यांच्या पराभवासाठीं या घरांत देव पाण्यांत घातले होते, त्यांच्यासाठीं ते दोघे त्या रात्रीं खुर्चीच्या कडेवर बसले होते. ट्रिनिटीनें ६४-६० असा सामना मारला तेव्हां यजमान उठून उभे राहिले आणि बाईंनीं डोळे पुसले. "आपल्या मंडळाचें आहे," त्या ओशाळून मला म्हणाल्या. लगेच वही आली, पेन्सिल आली, आणि चौथ्या वर्षाच्या मुलांच्या नांवांवर एकेक बारीक रेघ पडूं लागली. खोडून टाकल्यासारखी नव्हे, तर वर्गाच्या हजेरीपटावर उत्तीर्ण झालेल्या मुलांपुढें आम्ही ओढतों तशी.

एप्रिलांत मी पुण्यास परत आलों. नोव्हेंबरांत बाईंचें पत्र आलें. त्यांत मुलीची खुशाली दोन ओळींत आणि नव्या मुलांची यादी दोन पानें. त्यांतील एक सहा फूट आठ इंच उंच असून भूगर्भशास्त्र शिकणार आहे. खालीं यजमानांच्या हस्ताक्षरांत एवढेंच: "अ‍ॅम्हर्स्टकडे यंदाही कांहीं नाहीं. गणित करून ठेवा." शनिवारीं दुपारीं तीनला तेथें सुरू होणारा सामना आमच्याकडे रात्रीं दीडला लागतो, आणि घरबसल्या यंत्रावर पाहतां येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरांत जानेवारींतल्या रविवारांवर मीं पेन्सिलीनें खुणा केल्या आहेत. सौभाग्यवतींनीं विचारलें, या कसल्या तिथि? मीं सांगितलें, लेकीच्या गांवच्या जत्रेच्या.