कलाभवन ते त्र्यंबकेश्वर

बडोद्याच्या दांडिया बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर कलाभवनाची वास्तू आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था स्थापन केली. आज तेथे विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे. शाळेत जाता-येता कित्येक वर्षे मी ती वास्तू पाहत आलो. परंतु चित्रकला आणि छायाचित्रणाचे शिक्षण घेण्यासाठी येथे आलेल्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक त्र्यंबकेश्वरचा तरुण होता, याची जाणीव मला फार उशिरा झाली. तीही एका चित्रपटाने उत्सुकता जागवली म्हणून.

तो चित्रपट म्हणजे परेश मोकाशी यांचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. आमच्या घरी तो किती वेळा पाहिला गेला याची गणती नाही. मुद्रणाचा धंदा सोडून बसलेला चाळिशीचा गृहस्थ १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहतो आणि आपल्या देवादिकांचीही अशी हलती चित्रे पडद्यावर यावीत, या ध्यासाने झपाटून जातो. घरातले सामान विकले जाते, विम्याची पॉलिसी गहाण पडते, डोळे दगा देऊ लागतात. तरी घरातले हसू मावळत नाही. चिरंजीव लहान असताना मी त्याला हा चित्रपट मुद्दाम दाखवीत असे आणि वर सांगत असे, "बघ, माणसाला ध्येय असावे तर असे!"

गेल्या दिवाळीच्या सुटीत हाच उपदेश माझ्यावर उलटला. चिरंजीव अभियंता आहे, चांगल्या नोकरीत आहे. एके संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडतो आहे. संखेड्याच्या कारागिरांना हाताशी धरून शाळांसाठी विज्ञानाची लाकडी साधने बनवायची आहेत." मी चिडलो. जे बोलू नये ते बोललो. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "चित्रपट तुम्हीच दाखवलात ना?" त्यानंतर घरात अबोला आला.

नाशिकला जायचे आधीच ठरले होते, म्हणून सौभाग्यवतीसह निघालो. सुरत मागे टाकून सापुताऱ्याचा घाट चढताना दोघेही मुकाट होतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पोचलो तेव्हा ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग होते. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर भाविकांची गर्दी होती, उपाध्यायांचे मंत्र चालू होते. ३० एप्रिल १८७० रोजी फाळके याच गावी, एका शास्त्र्यांच्या घरी जन्मले. परंपरेने आखलेली वाट त्यांच्यापुढे होती. पण मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, मग बडोदे, मग गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय, अशी त्यांची पावले पडत गेली. गोध्र्यास प्लेगने पहिली पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी, तीही सोडून मुद्रण, मधूनच जादूचे प्रयोग! त्या पायऱ्यांवर बसून मनात आले, मूकपट पाहण्यापूर्वीच्या त्या वीस वर्षांना लोक धरसोडच म्हणाले असतील. मीही म्हटले असते. पण यातले कोणते शिक्षण पुढे वाया गेले?

परतताना नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकापाशी थांबलो. चित्रपट यशाच्या ऐन बहरात संपतो; नाशिक मात्र त्यापुढची कथा सांगते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यानंतर फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलविले. १९१७ साली 'लंकादहन' गाजला. १९१८ साली भागीदारीत 'हिंदुस्तान फिल्म्स' उभी राहिली. मतभेद झाले, ते काशीला निघून गेले, पुन्हा परतले. तोवर बोलपट आला आणि मूकपटाचे दिवस सरले. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, याच नाशकात, वैभव ओसरलेल्या अवस्थेत त्यांचा अंत झाला.

मी म्हणालो, "पाहा, मला भीती वाटते ती याचीच. चित्रपट संपल्यानंतरची."

सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण त्यांनी उडी आंधळेपणाने घेतली नव्हती. आधी मटाराचे रोप वाढवले होते."

मी चमकलो. ज्या प्रसंगाशी मी दर वेळी हसत असे, त्याचा अर्थ तिने अचूक टिपला होता. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत मटार पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, बी रुजून वेल वाढेपर्यंतची छोटीशी फीत त्यांनी तयार केली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. घरात सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोके पाडली, चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाक केला. ध्यास एकाचा असला तरी साहस साऱ्या घराचे होते. मुलाला चित्रपट दाखविताना मी 'ध्येय' तेवढे शिकविले; रोपही विसरलो आणि घरही विसरलो.

बडोद्यास परतल्यावर रात्री चिरंजीवाच्या खोलीत गेलो. म्हणालो, "नोकरी सहा महिने सोडू नकोस. रविवारी संखेड्याला जा आणि एक साधन बनवून आण. माझ्या शाळेतील सातवीच्या वर्गापुढे मी स्वतः ते ठेवीन. मुलांना आवडले, तर पुढचा विचार आपण तिघे मिळून करू."

तो म्हणाला, "म्हणजे मटाराचे रोप!"

सध्या आमच्या पडवीत लाकडाचा भुसा पडलेला असतो. पहिली तरफ वाकडी झाली, दुसरी मुलांनी दोन दिवसांत मोडली. तिसरीवर काम चालू आहे. त्याचे पुढे काय होईल, मला सांगता येत नाही. भीतीही पुरती गेलेली नाही. मात्र कलाभवनावरून जाताना आता माझी पावले क्षणभर थबकतात, आणि घरातला अबोला संपला आहे.